पूर्वेची विहीर

बडेबाबू, हा कागद मी मधोमध दुमडला आहे. उजव्या अर्ध्यावर लिहितो आहे. डावा अर्धा कोरा आहे. तुमच्या हाताखाली पहिल्या दिवशी शिकलो ते एवढंच: मसुदा अर्ध्या पानावर लिहायचा, उरलेलं अर्धं पान तपासणाऱ्यांचं. "आपलं अर्धं, त्यायचं अर्धं," तुम्ही म्हणालात. "आपल्या अर्ध्यात आपण राजे. पण राजानं लय बोलू नाई." मी अमरावतीच्या कॉलेजातून साहित्याची पदवी घेऊन अकोल्याच्या त्या कचेरीत कारकून म्हणून आलो होतो, आणि तुम्ही तिथले हेडक्लार्क, सगळ्यांचे बडेबाबू. लिहिणं आपल्याला येतं, असं मला वाटत होतं.

परवा माझ्या बहिणीची नात घरी आली होती. ती पुण्याला एका कंपनीत आहे. जेवण झाल्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि मला तिचं काम दाखवू लागली. एकच मसुदा चौघं जण चार गावांतून एकाच वेळी लिहीत होते. प्रत्येकाचा रंग वेगळा. ज्याने खोडलं त्याचं नाव कडेला, काय खोडलं तेही तिथेच. समास होता, बडेबाबू. समासात सूचना होत्या आणि सूचनांना उत्तरं होती. मी विचारलं, "खोडलेलं दिसत राहतं?" ती म्हणाली, "सगळं राहतं आबा. कोणी खोडलं, कधी खोडलं, सगळं." मी विचारलं, "आणि शेवटच्याने न वाचताच मंजूर केलं तर?" ती हसली. "ते तर सगळेच करतात." तिने आपल्या आजीला, माझ्या बहिणीला, पाहिलेलं नाही. फोटोतही नाही, कारण फोटो कधी काढलाच नव्हता. ती झोपायला गेली तेव्हा मी कपाटातून कागद काढला आणि दुमडला. दुमडून तसाच ठेवला. आज लिहितो आहे.

त्या वर्षांत कचेरीचं काम इंग्रजीतून मराठीत येत होतं. साहेब लोकांना इंग्रजी वाक्यं तोंडपाठ, मराठी वाक्य कुठून सुरू करावं ते कळेना. म्हणून मसुदे माझ्याकडे येत. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की सूर्य आग ओकत असताना पथकाने गावाची पाहणी केली. तुमची लाल पेन्सिल त्या ओळीवर थांबली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला. "ऊन होतं हे साऱ्या जिल्ह्याले माहीत हाय. साहेबाले काहून सांगतं?" बाजूचा टायपिस्ट हसला. तुम्ही हसला नाहीत. ओळ खोडलीत आणि डाव्या अर्ध्यात लिहिलंत: पथकाने गाव पाहिले. मला राग आला, आणि त्याच वेळी दिसलं की तुमची ओळ चांगली आहे. आजही कुठलंही चांगलं वाक्य वाचलं की मला ती तीन शब्दांची ओळ आठवते. तुम्ही विशेषण खोडत होता, कारणं खोडत होता, दोनदा आलेली गोष्ट एकदा ठेवत होता. "लांब वाक्य साहेबाले झोप आणते. आन् झोपेतला साहेब वाईट." कॉलेजात मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तुम्ही जरा उशिरा शिकवलीत, माझी खात्री पटल्यावर. नैवेद्य. साहेबाच्या हातात पेन असतं, तुम्ही म्हणालात, आणि पेनाला भूक असते. मसुदा बिनचूक असला की ते पेन भलतीकडे चरतं, नेमकं जिथे जीव आहे तिथे. म्हणून मसुद्यात एक चूक आपणच ठेवायची. लहान, दिसेल अशी, साहेबाच्या आवडीची. साहेब ती धरतो, हिरव्या शाईने दुरुस्त करतो, त्याचं पोट भरतं, आणि बाकीच्याखाली सही करतो. आपले तेव्हाचे साहेब नकाशाचे होते. अहवाल आला की आधी जोडलेला नकाशा उघडत आणि दिशा ताडून पाहत. म्हणून तुमचा नैवेद्य बहुतेक दिशेचा असे. एकदा त्यांनी आपल्या दोघांना आत बोलावलं. चेहरा उजळलेला. "काय हो बडेबाबू, तुमच्या वऱ्हाडात नाले डोंगरावर चढतात का?" तुम्ही हात जोडलेत. "नजर हाय साहेबाची. आमी आपले आंधळे." बाहेर व्हरांड्यात आल्यावर तुम्ही मला कोपराने ढोसलंत. "खाल्लं?" मी म्हणालो, "खाल्लं." मागणीची आकडेवारी, जी साहेब नेहमी निम्मी करत, तशीच मंजूर झाली होती. आमच्या घरी त्याआधीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, देव उठलेले, कोनाडा रिकामा. आणि मी कचेरीत रोज नैवेद्य ठेवत होतो. हे मी तुम्हाला एकदा बोललो, तेव्हा तुम्ही खूप वेळ हसलात.

माझी मोठी बहीण पूर्णा नदीच्या अलीकडे खारपाण पट्ट्यात दिली होती. तिथे जमिनीखालचं पाणी खारं. गावाच्या पश्चिमेला एक विहीर गोडी, सरकारी पैशाने बांधलेली, सगळा गाव तिच्यावर. पूर्वेला एक जुनी विहीर होती, खारी, वापरात नसलेली, कठडा ढासळलेला. तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढणं सोडलं तेव्हा गावाने वस्तीला गोडी विहीर बंद केली. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त रहाटापाशी माणूस बसू लागला. बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून पाणी आणू लागल्या. वस्तीने अर्ज केला, अर्ज आपल्या कचेरीत आला, चौकशी झाली, नकाशा निघाला, आणि अहवालाचा मसुदा माझ्याकडे आला. मी तुम्हाला सांगितलं की तिथे माझी बहीण आहे. तुम्ही म्हणालात, "मंग हा कागद इथं नाई करायचा. रविवारी घरी ये."

तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवलंत. ओसरीवर नाही. तेव्हा त्याचा अर्थ काय होता ते तुम्हाला माहीत होतं, मलाही, आणि काकूंनाही, कारण त्या क्षणभर हातातलं पीठ तसंच धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी पाट सरकवला. चुलीवर तवा, त्यांच्या हातात भाकर, आपल्यामध्ये उलटी परात आणि तिच्यावर मसुदा. मी लिहिलं होतं की गावाच्या पश्चिमेस असलेली गोड्या पाण्याची सार्वजनिक विहीर तात्काळ सर्वांस खुली करण्यात यावी, व तसे करताना आवश्यक तो बंदोबस्त ठेवावा. त्याआधी झिऱ्यांचं वर्णन होतं, बायकांच्या पायांचं होतं. ते तुम्ही काढलंत. मग पेन्सिल गोड्या पाण्यावर आली. "हे कायले?" मी म्हणालो, "पाणी गोडं आहे म्हणून." तुम्ही म्हणालात, "विहीर मनली की पाणी आलं, अन् पाणी मनलं की गोडंच आलं. खारी विहीर कोण मांगते?" आणि खोडलंत. तुम्ही चांदूर बाजारकडचे. तुमच्या तिकडे विहीर म्हणजे गोडीच, संत्र्यांना पाजतात ती. मला ते तेव्हा सुचलं नाही. वाक्य लहान झालं, घट्ट झालं. मला आवडलं.

मग तुम्ही बंदोबस्ताच्या शब्दांखाली बोट ठेवलंत. "साहेब हे खाईल." तुमचं बरोबर होतं. पोलिसाचं नाव आलं की साहेब हात आखडत, आणि बंदोबस्ताशिवाय ती विहीर उघडली नसती. मग पश्चिमेस खोडून पूर्वेस लिहिलंत. मी म्हणालो, "बडेबाबू, विहीर पश्चिमेला आहे." "मले माहीत हाय. नकाशात दोन विहिरी हायत. साहेब पायल्यांदा तेच पायतील अन् खूश होतील. एवढा मोठा नैवेद्य मी आजवर ठेवला नाई. तुह्या बहिणीसाठी ठेवून राहिलो." काकूंनी तव्यावरची भाकर उलटली. "अन् देवानं नाई खाल्ला त?" तुम्ही म्हणालात, "आमचा देव भुकेला हाय." काकू म्हणाल्या, "उष्टं-खरकटं ठेवता देवापुढं, अन् वरून फुशारकी." तुम्ही हसलात, मीही हसलो. मग आपण तिघांनी भाकर खाल्ली. मसुदा परातीवरून उचलला तेव्हा त्याला पीठ लागलेलं होतं. तुम्ही फुंकर मारलीत.

मी मसुदा नव्या दुमडलेल्या पानावर साफ उतरवला. फाईल साहेबांच्या टेबलावर गेली, आणि साहेबांची आई देशावर आजारी पडली. ते रजेवर गेले. बदली म्हणून जे आले त्यांना त्याच दिवशी दौऱ्यावर निघायचं होतं. जीप सुरू होती. चपराशाने फायलींचा गठ्ठा धरला आणि त्यांनी उभ्यानेच सह्या केल्या, कोपरे उचलून. गठ्ठा तुमच्या टेबलावर परत आला. तुम्ही आपली फाईल काढलीत आणि पान उघडलंत. मी समोर उभा होतो. डावा अर्धा कोरा होता. हिरव्या शाईचा एक ठिपकाही नाही, फक्त खाली सही. बंदोबस्त शाबूत होता. पूर्वही शाबूत होती. मी म्हणालो, "पूर्व राहिली." तुम्ही ऐकलंत. नव्या साहेबांना जाऊन सांगायचं म्हणजे ती चूक तिथे कशी आली ते सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांचा नैवेद्य सांगायचा. जीप फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला. सही झालेल्या कागदावर खालच्या माणसाने हात लावायचा नसतो, हेही तुम्हीच मला शिकवलेलं. तुम्ही फाईल मिटलीत, फीत बांधलीत, गाठ नीट मारलीत. "वरही डोळे हायत," तुम्ही म्हणालात. "नकाशा जोडला हाय." आणि फाईल डाकेच्या टोपलीत ठेवलीत.

अमरावतीच्या वरच्या कचेरीतून हुकूम लवकर आला. इतका लवकर कधी आला नव्हता. अहवाल मुद्देसूद असल्याचा शेरा होता. नकाशात दाखवलेली गावाच्या पूर्वेची सार्वजनिक विहीर सर्वांस खुली करण्यात यावी, आवश्यक तो बंदोबस्त ठेवावा. बंदोबस्त ठेवला गेला. दोन शिपाई आले आणि ढासळलेल्या कठड्यापाशी उभे राहिले. गावाने विरोध केला नाही. कोणीतरी रहाटाच्या खांबाला झेंडूची माळ घातली. हे मला बहिणीने सांगितलं, मी तिच्याकडे गेलो तेव्हा. ती अंगणात बसून तांदूळ निवडत होती, आणि तिची मुलगी तिच्या पाठीला लटकली होती. "तुमच्या कचेरीनं आमाले खारी विहीर देल्ली," ती म्हणाली. "पाटलाच्या पोरानं चावडीवर वाचून दाखवला कागद. समदे हासून राहिले होते." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "तू लिवला ना तो?" मी हो म्हणालो. "चांगला लिवला मनतात. एकबी शब्द फालतू नाई मनतात." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, आता पाणी कुठलं पिता. ती म्हणाली, "झिरे आटले. जे देल्लं तेच."

तुम्ही शुद्धिपत्राचा मसुदा स्वतः लिहिलात, मला न सांगता. पूर्वेच्या ऐवजी पश्चिमेच्या असे वाचावे. दुमडलेलं पान नाही, पूर्ण पान, समास नाही. पण मंजूर हुकूम बदलायचा तर नवी पाहणी लागते, नवा नकाशा लागतो, आणि गावाने आता हरकत घेतली, कारण हुकुमाची अंमलबजावणी झालेली होती आणि वस्तीने पाणी नेऊन तो मान्य केला होता. साहेब रजेवरून परत आले. त्यांनी आपली प्रत मागवली, नकाशा उघडला आणि लगेच, क्षणात, पूर्वेस या शब्दाभोवती हिरवं वर्तुळ काढलं. "हे कसं सुटलं? मी असतो तर सुटलं नसतं." तुम्ही म्हणालात, "नसतं सुटलं साहेब." तुमचा आवाज नेहमीचाच होता. मी तुमच्या मागे उभा होतो आणि मला तुमची मान दिसत होती.

ज्येष्ठात वस्तीत हगवण सुरू झाली. बहिणीला बैलगाडीत घालून अकोल्याला आणत होते. वाटेत तिने पाणी मागितलं. गाडीत मडकं होतं, त्याच विहिरीचं. तिने एक घोट घेतला आणि तोंड वळवलं. पुढे काही मागितलं नाही. मी दवाखान्याच्या फाटकापाशी थांबलो होतो. गाडी आली तेव्हा मेहुणे खाली उतरले नाहीत, त्यावरून कळलं. मुलीला मी त्याच दिवशी घरी आणलं. तीच परवा आलेल्या पोरीची आई.

रजा संपवून मी कचेरीत आलो तेव्हा तुम्ही व्हरांड्यात माठापाशी उभे होता. नोकरीला लागल्यापासून मी माझा गिलास घरून आणत असे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. तुम्ही तुमचा पितळी गिलास माठात बुडवलात, भरलात, आणि माझ्या हातात दिलात. माठातलं पाणी गोडं होतं आणि गार होतं. मी ते सगळं प्यायलो. तुम्ही गिलास परत घेतलात आणि म्हणालात, "पोरा, ते माझ्या हातून झालं." मग आपण आत गेलो. टेबलावर कामं साचली होती.

त्या दिवसापासून तुम्ही नैवेद्य ठेवला नाहीत. आणि माझे मसुदेही तपासले नाहीत. मी पान दुमडून, डावा अर्धा कोरा ठेवून तुमच्याकडे पाठवायचो, आणि ते कोपऱ्यात तुमचं आद्याक्षर घेऊन परत यायचं. एकही रेघ नाही. मी मुद्दाम लांब वाक्यं लिहून पाहिली. एकदा सूर्याने आग ओकली असंही लिहिलं. आद्याक्षर आलं. तो मसुदा साहेबांनी फेकून दिला आणि मला बोल लावले, आणि तुम्ही फायलीतून मान वर केली नाहीत. मला त्या वेळी तुमचा जितका राग आला तितका त्या 'पूर्वेस'चाही आला नव्हता. तुमची लाल पेन्सिल टेबलावर होती, टोक केलेली. ती तशीच राहिली. पावसाळ्यात शुद्धिपत्र मंजूर होऊन आलं. तुम्ही ते वाचलंत, माझ्याकडे सरकवलंत, आणि मी फायलीला लावलं. गोडी विहीर उघडली. वस्ती तिच्यावर पाणी भरू लागली, अजून भरते. कागद अखेर बरोबर झाला, हेही इथे लिहायला हवं. तुम्ही निवृत्त झालात आणि चांदूर बाजारला गेलात. तिथेच तुम्ही वारल्याचं मला टायपिस्टने सांगितलं, बरेच दिवसांनी, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आला होता तेव्हा. मग मीही बडेबाबू झालो. पोरांच्या मसुद्यांत मी चुका धरल्या, मुद्दाम ठेवलेल्याही, आणि ज्यात एकही चूक सापडली नाही तो मसुदा परत परत वाचला.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. कपाटात राहील. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. या कागदात मी एक गोष्ट खोटी लिहिली आहे. माठापाशी तुम्ही तुमच्या गिलासातून पाणी दिलंत ते खरं. तुम्ही बोलला काहीच नाहीत. त्या दिवशी नाही, पुढे कधीही नाही. 'ते माझ्या हातून झालं' हे वाक्य माझं आहे. तुमच्यासाठी ठेवलं आहे. तुमची पेन्सिल आधी तिथेच जाईल, ते खोडाल आणि बाकीचं आहे तसं राहू द्याल, असं धरून चाललो होतो. पण डावा अर्धा कोराच राहणार आहे. म्हणजे ते वाक्य आता राहील.